मारुतीपर्यंतची दोरी

वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाईला लोक जन्मभर दोनच प्रश्न विचारतात. कुंडीतली तुळस का वाळली, आणि केस गळतात त्यावर कुठला पाला लावू. दोन्हींची खात्रीची उत्तरं मला आजही येत नाहीत. नाशिकच्या एका कॉलेजात मी हा विषय शिकवला. अर्धी नोकरी फॉर्मॅलिनच्या वासात गेली आणि उरलेली चिखलात. चिखलातली जास्त लक्षात आहे. स्वभाव माझा तापट. मुलांनी मागे माझं नाव 'खाजकुयली' ठेवलं होतं, आणि ते एका वनस्पतीचं आहे म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही.

आमच्या धंद्यातलं एक काम बाहेरून बघणाऱ्याला शुद्ध वेडेपणाचं वाटतं, ते म्हणजे रानातलं तण मोजणं. एखाद्या शेतात तण किती आहे? "लय हाय" हे शेतकऱ्याचं उत्तर बरोबरच असतं, पण त्याला परीक्षेत मार्क मिळत नाहीत. म्हणून आम्ही हातभर लांब-रुंद लोखंडी चौकट घेऊन जातो. ती डोळे मिटून पाठीवरून मागे फेकायची. जिथे पडेल तिथे उकिडवं बसून आतलं एकेक रोप मोजायचं, आणि पुन्हा फेकायची. डोळे मिटायचे ते अशासाठी, की आपण सोयीची जागा निवडू नये. पण पोरं डोळा किलकिला करतातच, कारण शेणाच्या पोवर आपली चौकट पडावी असं कोणाला वाटत नाही. दुसरी रीत दोरीची. एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत दोरी ताणायची आणि दोरीला जे जे रोप शिवेल ते लिहून घ्यायचं. या रीतीत डोळे मिटायची सोय नाही, दोरी नेईल तिथून जावं लागतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी आम्ही जिकडे तिकडे गाजरगवत मोजत होतो. पानं गाजरासारखी, म्हणून गाजरगवत. फुलं बारीक, पांढरी, ताटाबाहेर सांडलेल्या साबुदाण्यासारखी, म्हणून काही ठिकाणी चटकचांदणी. खेड्यात त्याला आणखी एक नाव आहे आणि ते एका राजकीय पक्षाचं आहे. निवडणुकीच्या दिवसांत आमची पोरं तेच नाव घेऊन "तुमच्या वस्तीत किती आहे?" असं विचारत घरोघर फिरली, तेव्हा जो तमाशा झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. हे तण आपल्या देशातलं नाही. समुद्रापलीकडून धान्यात मिसळून आलं म्हणतात. आलं आणि घरजावई झालं.

मला त्याचा राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त नवल वाटायचं. मी मुलांना बांधावरची ओंजळभर माती आणायला लावायची. मुलं म्हणायची, मॅडम, यात काही नाही, नुसती माती आहे. ती आम्ही प्रयोगशाळेत पसरट कुंडीत घालून ओली ठेवायचो. चार-सहा दिवसांत हिरवी बुरशी धरावी तशी रोपं यायची. ती सगळी उपटून टाकायची, माती परतायची, की पुन्हा तेवढीच. पुन्हा उपटा, पुन्हा तेवढीच. पोरं कुंडीभोवती गोल करून उभी राहायची. ओंजळभर मातीत एवढा जीव दडून बसलेला असतो, हे पुस्तकात शंभरदा शिकवून कळत नाही.

अशाच एका दिवशी सगळे निघून गेल्यावर मंदा मागे राहिली. मंदा दुसऱ्या वर्षाला होती, गिरणाऱ्याच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज एसटीने यायची. कमी बोलणारी मुलगी. कुंडीकडे बघत तिने विचारलं, "मॅडम, हे गवत सगळं काढता येतं का?"

"सगळं? कुठलं?"

"आमच्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंतचं."

मला आधी वाटलं काही नवसबिवस असेल. मग ती रडायलाच लागली, आणि अण्णांची गोष्ट बाहेर आली.

तिचे वडील, दामूअण्णा, इगतपुरीला रेल्वेत गँगमन होते. घाटातल्या पावसात आयुष्यभर रुळांवर हातोडा मारला, कधी साधी शिंक आली नाही. निवृत्त होऊन हौसेने स्वतःच्या शेतावर राहायला आले आणि निंदणीला, म्हणजे तण काढायला, बसले. वर्षाच्या आत त्यांचं तोंड सुजलं. पापण्या जाड झाल्या, कातडी काळी आणि राठ पडली, कानाच्या पाळ्या लोंबायला लागल्या. उन्हात गेलं की आग व्हायची. गावाने एका नजरेत निदान केलं: महारोग. त्यांच्या घरचा चहा बंद झाला. कोणी शेजारी बसेना. नाशिकच्या कातडीच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या पट्ट्या चिकटवून तपासलं आणि सांगितलं, महारोग नाही, काही नाही, गाजरगवताची ॲलर्जी आहे. मलम देतो, गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे त्याच्यापासून लांब राहा. आता घराच्या चारी अंगांना तेच माजलेलं, तर लांब म्हणजे कुठे? माणूस घरात बसला. खिडक्यांना गोणपाट ठोकले. आणि गाव म्हणालं, बघा, लपवून ठेवलाय.

त्यात मंदाचं लग्न ठरलं होतं. पिंपळगाव बसवंतची माणसं, द्राक्षबागाईतदार. त्यांना सांगितलं होतं, अण्णांना उन्हाचा त्रास आहे. तिच्या गावात रीत अशी, की नवरदेवाचं वऱ्हाड येऊन मारुतीच्या देवळापाशी थांबतं. मुलीच्या बापाने वाजतगाजत आपल्या दारातून तिथवर चालत जायचं, व्याह्याला हार घालायचा, घालून घ्यायचा, गळाभेट घ्यायची आणि मांडवात आणायचं. काका-मामा चालत नाहीत. बापच लागतो.

"अण्णा गेले नाहीत तर महारोग खरा ठरेल," मंदा म्हणाली. "आणि गेले तर तोंड तसं होईल. मग तर खराच ठरेल."

मी तिला म्हटलं, डोळे पूस आणि लग्न कधी आहे ते सांग. मार्गशीर्षात, ती म्हणाली. तेव्हा आषाढ चालू होता. मी दुसऱ्या दिवशी वर्गात जाहीर करून टाकलं, की यंदाचं सर्वेक्षण मंदाच्या गावी होईल, आणि दोरी तिच्या दारापासून मारुतीपर्यंत ताणली जाईल.

पहिल्याच फेरीला घोळ झाला. मी मंदाच्या ओट्यावर तिच्या आईशी बोलत थांबले आणि पोरं दोरी घेऊन पुढे गेली. मारुतीची वाट दामूअण्णांच्या आणि शेजारच्या रंगनाथभाऊंच्या शेतामधल्या बांधावरून जाते. रंगनाथभाऊ बांधावर उभेच होते. त्यांनी विचारलं, "काय चाललंय रे पोरांनो?" आणि आमच्या सचिन खैरनारने छाती काढून उत्तर दिलं, "मोजणी करतोय, काका!"

सचिन शहरातला. त्याला काय माहीत, की खेड्यात मोजणी एकच, ती जमिनीची. माणसं येतात, दोरी लावतात, आणि बांध कुणाच्या तरी शेतात सरकतो. या दोन घरांत तर त्याच बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. मी धावत पोचले तेव्हा रंगनाथभाऊंनी दोरीचं टोक पायाखाली दाबून धरलं होतं.

"कोणी अर्ज दिला मोजणीचा? मला नोटीस नाय, काय नाय. दाम्यानं चोरून मोजणी आणली व्हय?"

"अहो भाऊ, जमीन नाही मोजत. गवत मोजतोय."

"काय मोजता?"

"गवत. हे, गाजरगवत."

त्यांनी गवताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सचिनकडे. "कालेजातून बाई आल्यात, गवत मोजायला?"

"हो."

"आनि याचा पगार भेटतो तुमाला?"

"भेटतो."

त्यांनी पाय उचलला. "मंग मोजा बापडे. लय हाय."

खरंच लय होतं. दोरीला दाराशी थोडं शिवलं, शेतात थोडं, पण बांधावर आल्यावर लिहिणाऱ्या मुलीचा हात दुखायला लागला. कारण सरळ होतं. अण्णांच्या घरचे स्वतःच्या शेतातलं काढत, रंगनाथभाऊ स्वतःच्या शेतातलं काढत. बांधाला हात लावला की भांडण, म्हणून बांधाला कोणी हातच लावत नसे. दोन घरांच्या अबोल्यावर गाजरगवत कमरेएवढं वाढलं होतं.

उपटायचं कसं, तेही सांगते. फुलावर यायच्या आत, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, मुळासकट. हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांना मनगटाशी रबर, नाकाला रुमाल. जाळायचं नाही, कारण धूर वाईट. पोरांनी अण्णांच्या बाजूने बांध साफ केला. पंधरवड्याने आम्ही परत गेलो तर जणू कोणी आलंच नव्हतं. सचिन कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, हे आपल्याला बघून हसतंय."

मग मी किडे आणले.

एका कृषी संशोधन केंद्रात तेव्हा मेक्सिकन भुंगे मिळायचे. मसुराच्या दाण्याहून थोडे मोठे, मळकट पांढरे, पाठीवर काळ्या वळणदार रेघा. गाजरगवत आपल्याकडे आलं, पण त्याला खाणारा किडा तिकडेच राहिला होता. तो मागाहून मुद्दाम आणला गेला. आम्ही भोकं पाडलेल्या डब्यांतून ते एसटीने नेले. रंगनाथभाऊंना कुणकुण लागलीच. ते टोमॅटोच्या शेतातून ताडताड चालत आले.

"बाई, गवत मोजलं तवर ठीक. किडे सोडायचे नाय. आज गवत खातील, उद्या माझा टमाटा खातील."

"नाही खाणार."

"किड्यानं तुमाला लिहून दिलंय?"

मला राग आला. पण प्रश्न चुकीचा नव्हता, आणि शास्त्राच्या बाईने चुकीच्या नसलेल्या प्रश्नावर रागावू नये. मी त्यांच्याच टोमॅटोची एक फांदी तोडून बरणीत घातली, त्यात मूठभर किडे सोडले, वर फडकं बांधलं आणि म्हटलं, "भाऊ, तुम्हीच राखण करा." ते बांधावर बसले. दुपार टळली तरी बसून होते. किडे त्या फांदीवर वरखाली फिरले, पानांना हुंगल्यासारखं केलं, आणि उपाशी बसले. रंगनाथभाऊंनी शेवटी स्वतःच्या हाताने गाजरगवताचं एक पान बरणीत टाकलं. किडे त्याच्यावर तुटून पडले. "आयला," रंगनाथभाऊ म्हणाले, "सोडा."

श्रावण कोरडा गेला, म्हणजे आमच्या दृष्टीने. किडे कुठे चार दिसले, कुठे नाही. मुलं म्हणायला लागली, मॅडम, पक्ष्यांनी खाल्ले. मी वर वर धीर देत होते. मंदा काहीच विचारत नव्हती, त्याचंच मला जास्त ओझं व्हायचं.

भाद्रपदाच्या अखेरीला आम्ही एसटीतून उतरलो आणि वाटेवरच थांबलो. बांध तपकिरी दिसत होता. जवळ गेलो. पानं नव्हती, कळ्या नव्हत्या, नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि काडीकाडीवर किडे. पिवळट अळ्या, बारीक अंडी, नवे किडे, जुने किडे. आमच्या अख्ख्या वर्गाला घाम गाळून जे जमलं नव्हतं, ते या मसुराएवढ्या जिवांनी आवाज न करता केलं होतं. आणि शेजारी मेथी हिरवीगार, टोमॅटो हिरवागार, एका पानाला भोक नाही. एवढं हिरवं रान सोडून त्यांना नेमकं तेच एक पान ओळखू येतं. कसं येतं, याचं उत्तर पुस्तकात आहे, मी ते शिकवलंही आहे. त्या दिवशी ते मला आठवलं नाही. मी चप्पल काढून उभी राहिले, एवढं आठवतं. पोरांनी पण काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

मंदा घराकडे पळत गेली. थोड्या वेळाने खिडकीवरचा गोणपाट आतून हलला, एक कोपरा सुटला, मग दुसरा. दामूअण्णांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काळवंडलेलं, जाड झालेलं तोंड, आणि त्यात दोन लहान डोळे बांधाकडे लागलेले. मी हात जोडले. त्यांनी जोडले.

रंगनाथभाऊंनी तर किडे दत्तक घेतले. रोज सकाळी जनावरं बघावी तसे ते किडे बघायला जात. बांधावरचं संपलं तसे किडे अण्णांच्या गोठ्यामागच्या गवतात सरकले, तेव्हा हा गृहस्थ वर्षानुवर्षांचा अबोला मोडून खिडकीशी आला आणि म्हणाला, "दामू, आमचे किडे तुझ्याकडं आलेत का रे?" आतून अण्णा म्हणाले, "आलेत. खातायत बरे." एवढंच बोलणं झालं. पण दिवाळीनंतर उरलेसुरले खुंट काढायला आम्ही गेलो, तर बांधाची पलीकडची बाजू आधीच साफ झालेली होती.

किडे तोवर दिसेनासे झाले होते. थंडीत ते मातीत जाऊन झोपतात. आम्ही गाजरगवत संपवलं असं मात्र कोणी समजू नये. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा उगवलं, आणि न बोलावता किडेही मातीतून वर आले, आणि तो खेळ आजही चालू असेल. जिथे आम्ही चौकटी फेकल्या त्यातल्या किती जमिनींवर आता बंगले झालेत, आणि त्यांच्या कुंपणाशी पुन्हा तेच गवत आहे. मोजायला आता कोणी येत नाही, याचं वाईट वाटतं.

पण त्या वर्षीच्या कार्तिकात आम्ही शेवटची दोरी ताणली. एक टोक दारात मंदाने धरलं, दुसरं मारुतीच्या पायरीशी सचिनने. मी टोकापासून टोकापर्यंत वाकून चालत गेले. हरळी शिवली, आघाडा शिवला, माका शिवला. आपलं, घरचं तण. चांदणी एकही नाही. मी मारुतीपाशी पोचून कंबर सरळ केली आणि ओरडून सांगितलं, तेव्हा पोरांनी जो गोंगाट केला त्याने देवळातली कबुतरं उडाली. अण्णांचं तोंड तोवर खूपच निवळलं होतं. कातडी अजून काळसर होती, पण सूज गेली होती, आणि माणूस माणसासारखा दिसत होता.

या सगळ्यात पोरांच्या डोळ्यांचं मात्र वाटोळं झालं. एसटीच्या खिडकीतून, क्रिकेटच्या मैदानात, लोकांच्या लग्नाच्या फोटोत, त्यांना दुसरं काही दिसेचना. थिएटरात गाणं चालू असताना आमच्या पोरी नायक-नायिकेच्या मागे बोट दाखवून "चांदणी! चांदणी!" ओरडल्या आणि पुढच्या रांगेची बोलणी खाल्ली.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी आम्ही सगळे लग्नाला होतो. बँड लागला आणि अण्णा उंबरठ्याबाहेर आले. नवं धोतर, सदरा, फेटा. गाव दोन्ही अंगांना उभं होतं आणि टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. ते बांधावरून चालले, रुळांवर चालायची सवय असलेली ताठ, मोजकी पावलं. माझा वर्ग मागे. सगळी पोरं माना खाली घालून, वाटेच्या दोन्ही कडा न्याहाळत चाललेली. एक म्हातारी म्हणाली, "किती शिस्तीची लेकरं!"

मारुतीपाशी व्याही उभे होते. भरदार अंगाचे, कोट, गुलाबी फेटा. शहरातून खास करून आणलेला गुलाबाचा जाडजूड हार त्यांनी छातीशी धरला होता. अण्णांनी पुढे होऊन मान वाकवली. व्याह्यांनी हार उचलला. मला गुलाब दिसले. सचिनला मधलं पांढरं दिसलं.

"मॅडम! चांदणी!"

बँड अर्ध्या सुरात थांबला. हारवाल्याने गुलाबांच्या मधल्या फटी भरायला फुकटची बारीक पांढरी फुलं घातली होती. पुढे मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. लोक सांगतात, की मी व्याह्यांचं मनगट पकडलं. नवरदेवाच्या बापाचं, भर व्याहीभेटीत, मनगट पकडलं.

"हे काय चाललंय?" वऱ्हाडातून कोणी तरी ओरडलं. "हार घ्यायचा नाय म्हंजे? अपमान हाय हा आमचा!"

मी तोंड उघडणार, तोच अण्णांनी मान वर केली. हात जोडले. "पाव्हणं, बाईंचा काय दोष नाय. आमी तुमाला खोटं सांगितलं. मला उन्हाचा त्रास नाय. ह्या पांढऱ्या फुलाचा हाय. हे लागलं की माझं तोंड सुजतं, वळखू येत नाय मी. गाव महारोग म्हनायचं. तुमी सोयरीक मोडाल म्हनून बोललो नाय." जोडलेले हात त्यांनी खाली घेतले नाहीत. "पोरीला यातलं काय धरू नका."

मी मांडवाच्या दिशेला बघितलं. इथून मंदा दिसत नव्हती. बरं झालं असं वाटलं.

व्याही हाराकडे बघत होते. मग म्हणाले, "महारोगाचं आमच्या कानावर आलं होतं. साखरपुड्याच्या आधीच."

अण्णा बघतच राहिले. "मंग?"

"मंग काय? पोरगी चांगली हाय. बापाला बरं नसलं तं त्यात पोरीचा काय गुन्हा? घरात म्हनलो, व्याह्याला भेटल्यावर बघू."

त्यांनी हार मागे कोणाच्या तरी हातात दिला, दोन्ही हात पसरले आणि पुढे झाले. आणि मी पुन्हा ओरडले, "थांबा!"

हा माझा वर्गातला आवाज. त्याला मीही आवरू शकत नाही. "हात धुवा आधी. आणि कोट काढा. हार छातीशी धरला होता तुम्ही."

त्या दिवशी मुलीकडच्यांनी व्याह्याचे पाय धुवायचे असतात. त्याच्यापुढे कोणी वरच्या सुरात बोलत नाही. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोट काढून भावाकडे दिला, फेटा काढला, बाह्या वर केल्या आणि देवळाशेजारच्या हातपंपाकडे चालू लागले. त्यांचा पुतण्या दांडा मारायला धावला. अण्णांनी त्याला बाजूला केलं आणि दांडा स्वतः धरला. आमच्या मुलींच्या पिशवीत सर्वेक्षणाच्या सवयीने साबणाचा तुकडा असायचाच, तो एकीने पुढे केला. नवरदेवाच्या बापाने कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, मान धुतली. मुलीचा बाप गँगमनच्या त्या दणकट हातांनी पाणी काढत राहिला. बँडवाले बघत होते, गाव बघत होतं. मी आयुष्यात पुष्कळ नवलाच्या गोष्टी भिंगाखाली पाहिल्या. इतकं नवल मला कशाचंच वाटलं नव्हतं.

व्याही ओल्या अंगाने उभे राहिले आणि दोन्ही हात पालथे-उलथे करून त्यांनी मला दाखवले. "आता चालंल का, बाई?"

मी मान हलवली.

डॉक्टर सोडले तर दामूअण्णांना घराबाहेरच्या माणसाने शिवून दोन वर्षं होत आली होती. दोघांनी मिठी मारली, ती सुटेचना. अण्णांचा फेटा सुटून खाली आला, तरी सुटेना. शेवटी भटजी चुळबुळत पुढे आले. "मंडळी, मुहूर्त टळतोय."

व्याह्यांनी अण्णांच्या खांद्यावरून तोंडही वर केलं नाही.

"टळू द्या," ते म्हणाले.